ओहोटीची वाट

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी जिथे रस्ता संपतो आणि समुद्र अजून पुरता सुरू झालेला नसतो, त्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे मी बहुतेक रविवारी माझ्या मुलाचा हात धरून येतो. आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत. बसने इथवर पोचायला फारसा वेळ लागत नाही, पण तेवढ्या अवधीत आपण एका काळातून उतरून दुसऱ्या काळात शिरलो, असे मला दर वेळी वाटते. चाळीचा काळ नळाच्या वेळेला आणि शाळेच्या घंटेला बांधलेला. इथला काळ चंद्राला बांधलेला. पसरून ठेवलेली जाळी, काठावर ओढून घेतलेल्या होड्या, वाळत आलेल्या जवळ्याचा उग्र वास, आणि या साऱ्याच्या कडेला, पाणी जिथून मागे सरते त्या ओल्या रेषेवर, दोन्ही हात पंखांसारखे फडफडवत उभा असलेला माझा अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे कोणी पाहतच नाही असे नाही. पाहतात, आणि पुन्हा आपापल्या कामाकडे वळतात. त्याला काय झाले आहे, हे इथे मला अजून कोणी विचारलेले नाही. न विचारणे हेही एक आतिथ्य असते, हे मला या किनाऱ्याने शिकवले.

तो तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला, आणि माझा चेहरा पाहून त्याखाली मराठी शब्द लिहिला: स्वमग्न. मी मुद्रितशोधनावर पोट भरणारा माणूस. शब्द दिसला की त्याची फोड केल्याशिवाय मला राहवत नाही. मग्न हा आपल्या भाषेतला मोठ्या प्रतिष्ठेचा शब्द. ध्यानात मग्न असलेल्याला आपण नमस्कार करतो, कामात मग्न असलेल्याचे कौतुक करतो, आणि जो आत्म्यात मग्न झाला त्याची तर पालखी काढतो. तोच शब्द एका लहान मुलाच्या नावापुढे लागताच त्याची फाईल कशी झाली, या कोड्यापाशी मी त्या दिवशी बराच वेळ थांबलो. पुढे मुलगा बोलू लागला तेव्हा कोडे आणखी गहन झाले, कारण ज्याला जग स्वतःत बुडालेला म्हणत होते, त्याच्या बोलण्यात ‘मी’ नावाचा शब्दच नव्हता. तहान लागली की तो म्हणे, “तुला पाणी पाहिजे.” झोप आली की, “तुला झोपायचंय.” त्याला तहान लागलेली असताना आम्हीच कधीतरी विचारलेले असते, तुला पाणी पाहिजे का; त्याच्या लेखी ते वाक्य त्या तहानेचे नाव होऊन बसले होते. आम्ही दिलेला शब्द त्याने तंतोतंत, स्वरासकट, जपून ठेवला होता. त्यातला ‘तू’ उलटवून ‘मी’ करायची चतुराई तेवढी त्याच्यापाशी नव्हती. साधक ज्या ‘मी’ला घालवण्यासाठी आयुष्य वेचतात, तो ‘मी’ याला आणून देण्यासाठी आम्ही आठवड्यातून तीन दिवस स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर बसत होतो. या विसंगतीवर हसावे की हात जोडावे, हे मला अजून उमगलेले नाही.

आपल्या समाजात चार माणसे अशी आहेत की ज्यांना कोणी कधी पाहिलेले नाही आणि ज्यांना सगळे भितात. ती म्हणजे चारचौघे. चारचौघांत शोभले पाहिजे, चारचौघांसारखे वागले पाहिजे, चारचौघे काय म्हणतील याचा विचार केला पाहिजे. चाळीच्या गॅलरीत मी त्यांना खूप शोधले. दाराआडच्या प्रत्येकाला त्यांचीच धास्ती होती. हे चारचौघे पंगतीत माझ्या मुलाशेजारचे पान रिकामे ठेवतात, बसमध्ये त्याने स्टेशनांची नावे ओळीने म्हणायला सुरुवात केली की जागा बदलतात, आणि गणपतीच्या ढोलांनी तो कान दाबून जमिनीवर बसला की “जरा धाक ठेवा, लाडावलाय” असे प्रेमाने सांगतात. एका शाळेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, अत्यंत मृदू आवाजात आम्हाला सांगण्यात आले की इतर पालकांचाही विचार करावा लागतो. त्या ‘इतर’मध्ये चारचौघे पुन्हा भेटले. कोणी एकविरेला नवस बोलायला सुचवले, कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि सगळ्यांची सगळी वाक्ये फिरून फिरून अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबत, ते म्हणजे त्याची आई. तिने त्याच्याशी पुरेसे बोलायला हवे होते. तिने नोकरीला जायला नको होते.

या दोषारोपाला एक इतिहास आहे, आणि तो गिरगावापुरता नाही. बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने लिहून या अवस्थेला आजचे नाव दिले, तेव्हा त्या मुलांच्या पालकांचा थंडपणाही त्यांच्या नजरेत भरला; पुढच्या काळात त्यातून ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही निष्ठुर प्रतिमा घडली, आणि १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी तिच्यावर सबंध ग्रंथ उभारला. त्याच्या तीनच वर्षे आधी बर्नार्ड रिमलंड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही, या अवस्थेचे मूळ आईच्या मायेत नसून मेंदूच्या घडणीत आहे, हे साधार मांडले होते. विद्वत्तेने तो आरोप केव्हाच मागे घेतला. गॅलरीत तो अजून उभा आहे. ज्ञान पुढे निघून जाते आणि लोकापवाद मागे राहतो, जसा भरतीचा फेस पाणी परतल्यावरही वाळूवर राहतो.

इथे उभे असताना आणखी एक आठवण टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शहरावर हल्ला करायला रबरी होडीतून आलेले ते तरुण याच किनाऱ्याला लागले होते. पाठीवर बॅगा, अंगात कोणाही कॉलेजकुमारासारखे कपडे. वस्तीतल्या माणसांना ते खटकले, त्यांनी हटकलेसुद्धा, कारण समुद्रावरून येणारा माणूस कसा उतरतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण रस्ता ओलांडून ते शहरात शिरले आणि टॅक्सीत बसले, तेव्हा कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. ते अगदी चारचौघांसारखे दिसत होते. माझा मुलगा टॅक्सीत बसला की आरशातून चालकाचे डोळे त्याच्यावर खिळतात, कारण तो बोटे डोळ्यांसमोर नाचवतो. आपण सारखेपणाला निरुपद्रवी मानतो आणि वेगळेपणाला धोका. ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय किती भाबडी आहे, हे या वाळूइतके आणखी कोणाला ठाऊक असणार?

किनाऱ्यावर एक वयस्क नाखवा जाळे दुरुस्त करत बसलेले असतात. बोटी आता तरण्या हातांकडे गेल्या. यांच्याकडे उरली आहे ती सुई आणि दोरा. जाळ्याच्या एकेका छिद्राला मासेमारीच्या भाषेत आस म्हणतात, हे मला त्यांच्याशेजारी बसून कळले, आणि शब्दांच्या धंद्यात आयुष्य गेलेला मी त्या दिवशी घरी परतेपर्यंत गप्प होतो. जाळ्याचा तो आस, आणि मनाची ती आस. डोल जाळ्याच्या तोंडाशी आस मोठे असतात आणि शेपटाकडे ते बारीक बारीक होत जातात. आत शिरणे सोपे, सुटणे कठीण. आस किती असावा याला सरकारी नियम आहे, कारण लहान जिवाला निसटायला जागा ठेवली नाही तर उद्या समुद्रात काही उरणार नाही. मुलांसाठी आपण विणतो त्या जाळ्यांना मात्र असा नियम नाही. मुलगा जन्मण्याआधीच मी एक जाळे विणून ठेवले होते: तो वाचेल, स्पर्धांत बोलेल, माझ्या चुका काढील, मित्रांना घेऊन घरी येईल. त्या जाळ्यातून तो अलगद, कोणताही आवाज न करता, निसटला. माझा मुलगा माझ्या हातून सुटला म्हणून मी काही वर्षे शोक केला. पण सुटली होती ती माझी आस, आणि ती विणताना मी त्याला विचारलेले नव्हते. ज्या दुःखाला आपण आपल्या मुलाचे दुःख म्हणतो, त्यात त्याचे किती आणि आपले किती, याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहण्यासारखा असतो.

मला अशा वेळी अमरावतीकडचे रिद्धपूर आठवते. तेराव्या शतकात तिथे गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू, राहत होते. चक्रधरस्वामींचे हे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळांचा जो संग्रह केला, तो मराठी गद्याच्या अगदी पहाटेचा. त्यात हा सत्पुरुष स्वतःशीच हसतो, अकस्मात रागावतो, मुलांचे खेळ खेळतो, कोणाच्याही घरात शिरून मनाला येईल ते खातो, देवळातल्या मूर्तींशी बोलतो. आजची नावे मागे नेऊन त्यांच्यावर चिकटवणे हा करंटेपणा होईल. तो मोह मला नाही. मला नवल वाटते ते त्या गावाचे. गाव वैतागते, हसते, कधी घाबरते, आणि तरी दार बंद करत नाही. गावकुसाबाहेरच्यांनी तर त्यांना आपले मायबाप मानले. आणि नवल वाटते ते म्हाइंभटांच्या लेखणीचे, जी ऐकले तसे टिपते, त्यावर भाष्य करत नाही, विक्षिप्तपणाला सुसंगतीचा मुलामा देत नाही. आमच्या मुद्रितशोधनात एक खूण असते: चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबांची ओळ दिली की जुळाऱ्याने समजायचे, हे आहे तसेच राहू द्या. साऱ्या दुरुस्त्यांच्या खुणांत ही एकच खूण दुरुस्तीच्या विरुद्ध जाते. मराठीच्या आरंभीच एका माणसाखाली अशी टिंबांची ओळ दिली गेली होती, या विचाराने मला धीर येतो.

आणि आठवतो एक शेतकरी, पार मिसिसिपीतला. कॅनर यांच्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवला होता. मुलाला मोजण्याचे वेड. त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली, म्हणजे तिची खोली मोजता येईल. मक्याच्या ओळी तो सारख्या मोजत सुटे, तेव्हा त्या ओळींतून नांगर धरायला शिकवले, म्हणजे मोजता मोजता शेत नांगरून होई. तो शेतकरी कोणत्याही शास्त्रात पारंगत नव्हता. त्याने मोजणे बंद पाडले नाही, मोजण्याला जमीन दिली, एवढेच. डोनाल्ड पुढे आपल्या गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जग फिरला, आणि २०२३ मध्ये, नव्वदीला टेकून, त्याच गावात वारला. त्याच्या घरची सुबत्ता त्याच्या कामी आली हे खरे, पण ज्या गावाने त्याला ‘आपला’ म्हटले, त्या गावाचा वाटाही काही लहान नव्हता.

आपल्याकडेही अशा जमिनी कोणीतरी तयार केल्याच. १९४४ मध्ये वकील नावाच्या एका पारशी दांपत्याने, मतिमंद म्हणवल्या गेलेल्या आपल्या लेकीला शहरात जागा नाही हे पाहून, जी शाळा काढली, ती आज शिवडीला ‘जय वकील’ नावाने शेकडो कुटुंबांचा आधार आहे. कायदा मात्र सावकाश चालतो: १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते, १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने ते घेतले, आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ते नीट नोंदले गेले. नाव नोंदले जाणे लहान गोष्ट नाही, दाखला हातात नसलेल्या आईबापांना विचारा. पण कायदा वर्गाचे दार उघडून देतो. बाकावर सरकून शेजारी जागा करायला तो शिकवू शकत नाही. आणि या वस्तीतल्या एखाद्या घरात असे मूल जन्मले, तर रस्त्यापलीकडच्या मनोऱ्यांत जी थेरपी मिळते ती त्याच्यासाठी मनोऱ्याच्या गच्चीइतकीच दूर असते, हेही मी इथल्या मोकळ्या हवेला भुलून विसरू नये.

नाखव्यांनी माझ्या मुलाला एक गणित दिले. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास पाणी भरलेले. पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पाणी आदल्या दिवसाहून सुमारे पाऊण तास उशिरा येते, आणि वर्षानुवर्षे तसेच येत राहते. मुलाने भिंतीवरचे कालनिर्णय काढून घेतले ते अजून परत दिलेले नाही. ज्याला शाळेतला तास बदलला तर सहन होत नव्हते, भाताच्या जागी पोळी आली तर ज्याचा दिवस कोसळत होता, तो रोज वेळ बदलणाऱ्या समुद्राच्या प्रेमात पडला. तेव्हा मला कळले, की आम्ही इतकी वर्षे त्याचा आजारच चुकीचा वाचत होतो: त्याला बदलाचे भय नव्हते, न सांगता केलेल्या बदलाचे होते. समुद्र बदलतो, पण शब्द पाळतो. माणसे ‘आत्ता येतो’ म्हणून तासाभराने येतात, हसत रागावतात, नको असताना हो म्हणतात. ब्रिटनचे डेमियन मिल्टन, जे समाजशास्त्रज्ञ आहेत आणि स्वतः स्वमग्नही, त्यांनी २०१२ मध्ये एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते, स्वमग्न माणसे आपल्याला जितकी दुर्बोध, तितकेच आपण त्यांना. दोष मात्र एकाच्याच खात्यावर मांडला जातो, कारण वही चारचौघांच्या हातात असते.

एकदा नारळी पौर्णिमेला बँडच्या आवाजाने तो इथेच कोसळला. किंचाळणे, डोके आपटणे, माझ्या हाताला चावा. मी नेहमीप्रमाणे घामाघूम होऊन सगळ्यांची माफी मागू लागलो. नाखवा जाळ्यावरून मान न उचलता म्हणाले, “भरती हाय. उतरंल.” सांत्वनाची अनेक वाक्ये मी ऐकली आहेत, त्यातले एकही इतके लहान नव्हते आणि इतके अचूक नव्हते. ते उतरलेही.

ज्या जमिनीवर हा कफ परेड उभा आहे, ती जमीन नव्हतीच. सात बेटांची मुंबई आपण भराव घालघालून एकसंध केली, आणि बेटे कुठे संपत होती याची खूण पुसून टाकली. पण त्याआधीही माणसे इकडून तिकडे जातच होती. १८३८ मध्ये कुलाब्याचा बांध होईपर्यंत मुंबईहून या बाजूला येणारे होडीने येत, नाहीतर ओहोटीची वाट पाहत. पाणी मागे सरले की खडकावरून चालत जात, आणि भरतीच्या आत परतत. परतायला चुकलेल्यांना समुद्र क्षमा करत नसे. मला वाटते, दुसऱ्या माणसाकडे जाण्याच्याही याच दोन रीती आहेत. एक भराव घालण्याची: त्याच्या आणि आपल्यामधले पाणी बुजवायचे, त्याला आपल्यात मिळवून टाकायचे, आणि पुढे त्या जागी बेट होते हे विसरून जायचे, याला आपण कौतुकाने ‘मुख्य प्रवाहात आणणे’ म्हणतो. दुसरी रीत जुनी, वेळखाऊ, पाय भिजवणारी: त्याच्या पाण्याचे गणित शिकायचे, ओहोटीची वाट पाहायची, वाट उघडली की हलक्या पावलांनी जायचे, आणि पाणी चढू लागले की मुकाट्याने मागे यायचे. वाट पाहणे आणि वाट सापडणे यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, तो काही शब्दांच्या टंचाईमुळे नव्हे.

तरीही रात्री एक प्रश्न उरतोच, जो आमच्यासारखे सगळे आईबाप एकमेकांना हळू आवाजात विचारतात: आपल्यामागे याचे काय? या प्रश्नाला मी चिंतनाने उत्तर देऊ शकत नाही. डोनाल्डला गाव मिळाले, राऊळांना रिद्धपूर मिळाले; एकेका आईबापाला गाव विणता येत नाही, त्याला पुष्कळ हात लागतात, आणि ते हात चारचौघांचेच असतात. ज्यांना मी इतकी वर्षे भीत आलो, माझ्या मागे माझा मुलगा त्यांच्याच स्वाधीन होणार आहे, हे कळल्यापासून माझा त्यांच्यावरचा राग ओसरू लागला आहे. राग ठेवून कोणाकडे काही सोपवता येत नाही.

परवाच्या रविवारी अष्टमी होती. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा पाणी पार खाली गेले होते, चिखल उघडा पडला होता, आणि भरायला अजून बराच अवकाश होता. आभाळ काळवंडले, बसची वेळ झाली. मी पिशवी उचलली आणि त्याचा हात धरला. त्याने हात सोडवून घेतला, पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “तुला थांबायचंय.”

हे त्याचे स्वतःविषयीचे वाक्य होते की माझ्याविषयीचे, ते मला सांगता येणार नाही. मी पिशवी खाली ठेवली. ते वाक्य मी दुरुस्त केले नाही.